सेनगावहून सोडलेलं पाणी

लालसिंग टेकडी उतरताना दिसला, की गावातल्या बाया घागरी बाहेर काढायच्या. धरणाकाठच्या विहिरीवर मोटर, टेकडीवर टाकी आणि दोन्हींच्या मधे लालसिंग, अशी त्या गावची नळयोजना होती. विहिरीवर जाऊन मोटर लावायची, टेकडी चढून टाकी भरली का बघायची, वॉल सोडायचा आणि लाल पागोटं सावरत खाली यायचं. या कामापायी त्याला लेकीच्या घरी, सेनगावला, कधी मुक्काम करता आला नव्हता. पेमाची पाठवणीसुद्धा त्याने घाईघाईत उरकली होती. वॉल सोडायचा राहिला होता.

आता पेमाला मुलगी झाली होती. बारशाला जावं आणि चांगले पंधरा दिवस नात मांडीवर घेऊन बसावं, एवढंच लालसिंगच्या मनात होतं.

नेमकी त्याच वेळी सरपंच संध्याताईंनी नवी यंत्रणा आणली. टाकीवर एक डबा, विहिरीवर एक डबा, दोन्हींवर एकेक अँटेना. तिकडे मोबाइलची रेंज नव्हती, म्हणून डबे रेडिओवरून एकमेकांशी बोलणार होते. टाकीने 'रिकामी झाले' म्हटलं की मोटर सुरू, 'पुरे' म्हटलं की बंद. सकाळी वॉलही आपोआप उघडणार.

"पाण्यात औषधबी डबाच टाकतो," हिंगोलीहून आलेला इंजिनिअर साजीद म्हणाला. "लालसिंगकाका, तुमी बिनधास्त जा."

लालसिंगने डब्याला हात जोडले आणि सेनगावची जीप पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे एकमेकांशी बोलले, वॉल उघडला, पाणी आलं. बिनतोटीचे नळ वाहू लागले. शालूबाई ओट्यावर बसून टेकडीकडे बघत होती. पाण्यात आणि भांडणात गल्लीत पहिला नंबर तिचा.

"आत्याबाई, पाणी आलं की," सून कोमल म्हणाली.

"लालसिंग दिसला का तुला?"

"न्हाई."

"मंग पाइपातलं शिळं पाणी असंल. भरू नको."

शालूबाईने ठरवलं की गल्लीने ठरवलं. शिळं पाणी तासभर नालीतून वाहत राहिलं आणि थांबलं.

मग संध्याताईंनी भोंग्यावरून सांगायचं ठरवलं, की पाणी खरंच आलं आहे, भरून घ्या. पण त्या भोंग्यावरून गावाने आजवर फक्त घरपट्टीची आठवण ऐकली होती. भोंगा खरखरला तशी लोकांनी दारं लावून घेतली.

तिसऱ्या दिवशी मोर्चा आला. बाया रिकाम्या घागरी घेऊन ग्रामपंचायतीसमोर घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या.

"पाणी द्या, न्हाई तर टँकर लावा," शालूबाई म्हणाली.

"शालूबाई, तुमच्या पायाखाली काय हाय?" संध्याताईंनी विचारलं.

"चिखल."

साजीदला हिंगोलीहून बोलावलं. त्याने सगळ्यांसमोर नळाचं पाणी ग्लासभर पिऊन दाखवलं. "लई तहानलं पोरगं, कायबी पिऊन राहिलं," म्हणून शालूबाईला त्याची कीव आली. मग लालसिंगच्या भावाला, फुलसिंगला, लाल पागोटं बांधून टेकडीवर पाठवलं. बायांनी त्याला चालीवरून लांबूनच ओळखलं. घरातला बल्ब ज्याला बदलता येत नाही, तो वॉल काय सोडणार?

शेवटी संध्याताईंनी सेनगावला फोन लावला. बारसं आटोपलं होतं आणि नात आजोबाच्या मांडीवर नुकतीच झोपली होती.

"लालसिंगभाऊ, वापस या. गाव तहानलंय."

"पाणी आलं न्हाई का?"

"पाणी आलंय. तुमी न्हाई आले."

नातीला खाली ठेवायचं लालसिंगच्या जिवावर आलं होतं, आणि गावाला तहानलेलं ठेवायचंही. तिने त्याचं बोट मुठीत धरलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "फोन भोंग्याला लावा."

भोंगा खरखरला. "मी लालसिंग. सेनगावहून पाणी सोडून राहिलो. आधी खालच्या आळीनं भरून घ्या." आवाजाने लेकरू जागं झालं आणि तेही भोंग्यावर रडलं.

गल्लोगल्ली बाया नळावर धावल्या. साजीदने वॉल सकाळपासून उघडाच ठेवला होता. तेच पाणी आता ताजं झालं. घागरी, बादल्या, रांजण भरले. शालूबाईने म्हैससुद्धा धुतली आणि ओल्या पदरानेच ती ग्रामपंचायतीत आली. साजीद डोक्याला हात लावून बसला होता.

"लालसिंग सेनगावात बसून वॉल सोडतो," ती त्याला म्हणाली, "मंग हे डबे काहून बसवले रे बाबा?"

फोन अजून चालूच होता. भोंग्यातून लालसिंगचा पडेल आवाज आला, "ताई, उद्या सकाळच्या जीपनं निघू का मंग?"

संध्याताई काही बोलायच्या आत शालूबाईने फोन हातात घेतला.

"येऊ नका इतक्यात," ती म्हणाली. "नातीला बराबर सांभाळा. तिकडून प्रेशर चांगलं येऊन राहिलं."