कुठली दारू?

क्लाइडच्या दुकानात दारू आल्याचं कळताच मर्ल स्टॅकहाउसने ताटातलं अर्धं ऑम्लेट तसंच सोडलं आणि ट्रककडे धाव घेतली. दारू म्हणजे बंदुकीची. प्यायची त्याने केव्हाच सोडली होती. घरी काडतुसं भरायचं व्यसन मात्र सुटत नव्हतं. अख्ख्या वायोमिंगमध्ये कित्येक महिने दारूचा डबा दिसला नव्हता, आणि शनिवारी नेमबाजीच्या क्लबात छोट्या काडतुसांच्या रायफलींची स्पर्धा होती.

"झटकन जळणारी घे," क्लाइड म्हणाला. "एवढीशी तर तुझ्या काडतुसाची पुंगळी."

"त्याचं काय ऐकतोस!" मर्लचा मेव्हणा हार्लन मागून ओरडला. "सावकाश जळणारी घे. गोळीला धक्का नको, रेटा हवा रेटा!"

मर्लला दोन्ही पटलं. त्याने दोन्ही डबे उचलले.

घरी काडतुसं भरताना टेबलावर एका वेळी एकच डबा, हा त्याचा स्वतःचा नियम. पण आज उत्साहाच्या भरात त्याने दोन्ही डबे मांडले. क्लाइडवाली दारू मापाच्या भांड्यात ओतून तो तराजू आणायला गेला. परत येतो तर हार्लन हात झटकत उभा!

"तुझी काढून परत डब्यात टाकली, माझी भरली. आता बघ मजा."

"कुठल्या डब्यात टाकलीस?"

हार्लनने एका डब्याकडे बोट केलं. मग दुसऱ्याकडे. मग ते बोट हळूच खिशात गेलं. दोन्हींतले दाणे सारखेच बारीक, सारखेच करडे.

"अरे गाढवा, चुकीची भरली तर रायफल तोंडावर फुटेल!"

"डावीकडचाच असेल रे... बहुतेक."

"'बहुतेक' म्हणणाऱ्याने आधी चेहऱ्याचा विमा काढावा," दारातून मर्लची बायको नॉर्मा म्हणाली. "भेसळ झालेली दारू आता टाकूनच द्यायची. चला, दोन्ही डबे बाहेर. गवतावर पातळ पसरा."

दोघांनी ती सोन्यासारखी दारू अंगणभर विस्कटली. मर्लचा चेहरा सुतकी झाला होता. क्लाइडला फोन केला, तर तो म्हणाला, "संपली की! तुझा हार्लन दुकानात माझ्याशी भांडत होता ना, लोकांना वाटलं माल भारी आहे."

शनिवारी नाइलाजाने नॉर्माने आणलेली कारखान्याची तयार काडतुसं घेऊन मर्ल मैदानात उतरला. लाज वाटून त्याने ती आपल्या जुन्या डबीत ओतली होती. पहिली गोळी बरोबर मध्यावर. दुसरी तिच्याच भोकातून. पाचवी सुटली तेव्हा कागदावर जेमतेम एक भोक दिसत होतं.

सगळा क्लब त्याच्याभोवती गोळा झाला. "मर्ल, दारू कुठली?"

इतकी वर्षं तो आपण होऊन सांगत होता, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि आज? कारखान्याने आत काय भरलंय ते खोक्यावर छापलेलंच नव्हतं.

"देवाशपथ, मला माहीत नाही," मर्ल म्हणाला.

"बघा!" हार्लन भारावून कुजबुजला. "खरा उस्ताद कधी सांगत नाही."

मर्लने नॉर्माकडे पाहिलं. नॉर्माने आभाळाकडे पाहिलं.

संध्याकाळी क्लाइडचा फोन आला. आवाज अगदी नरम होता. "मर्लसाहेब, नवा माल मागवायचाय. कुठला मागवू, तेवढं सांगा ना."