नानांच्या वाटणीची दुनळी

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्या नेरूळच्या सोसायटीत एकच माणूस खूश होतो, तो म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे सर्जेराव नाना. ते कुठल्याही पक्षाचे नाहीत. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक आहे आणि आचारसंहितेत ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. त्या दिवशी नाना दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात, बंदूक सोलापुरी चादरीत गुंडाळतात आणि पेशंटला न्यावं तशी रिक्षात आडवी घालून नेतात. "खड्डं बघून घ्या," असं रिक्षावाल्याला तीनदा सांगतात. वॉचमनने काय आहे विचारलं तर म्हणतात, "वस्तू हाय."

बंदूक हा शब्द ते उच्चारत नाहीत. किंमत विचारली की "वस्तूचं मोल करू न्हाई" म्हणतात, आणि कुणी विचारलं नाही तर स्वतःच विषय काढतात.

नाना मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या बाजारात त्यांनी मापाडी म्हणून लोकांच्या कांद्याबटाट्यांची वजनं करण्यात जन्म घालवला. अजूनही कलिंगड उचलून ते "पावणेतीन" म्हणतात आणि फळवाल्याला आपला काटा तपासावा लागतो. वडील, म्हणजे आबा, गेले तेव्हा जमीन दोघा थोरल्या भावांकडे गेली आणि धाकट्या नानांच्या वाट्याला ही बंदूक आली. त्यानंतर ते बंदूक लंडनची आहे, कुठल्याशा संस्थानिकाच्या शिकारीतली आहे, असं सांगू लागले. त्यातली मेख मला फार उशिरा कळली. वस्तू भारीतली निघाली तर आबांचा धाकट्यावर जीव होता, आणि साधी निघाली तर त्यांनी त्याला कटवलं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पुरावा मागितला की म्हणत, "कंपनीचं नाव कुकवाखाली हाय." खंडेनवमीला त्यांच्या घरी बंदुकीची पूजा होई आणि वाहिलेलं हळदकुंकू पुसायचं नाही अशी शिस्त होती. तेलात कालवून त्याचा जाड थर चढला होता. नाना स्वतः त्यात दरवर्षी भर घालत.

गेल्या महिन्यात ते म्हणाले, "पंच्याहत्तरी आली. एकदाचं कळू द्या." मी गाडी काढली. परवाना आणि वस्तू घेऊन आम्ही पनवेलच्या एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याकडे गेलो.

साफ करायच्या आधी नाना बंदुकीच्या पाया पडले. मग टूथब्रश आणि रॉकेल घेऊन म्हाताऱ्याने अर्धा तास लाल चिखल काढला. खाली नाव नव्हतं. त्याने नळ्या सोडवून उलट्या केल्या आणि भिंगातून एक अंडाकृती शिक्का पाहिला.

"बेल्जियम," तो म्हणाला. "असा माल तेव्हा खूप यायचा. चांगला आहे, पण साधा."

"बेल्जम विलायतेतच येतं न्हवं?" नानांनी विचारलं.

"नकाशात बघा." म्हाताऱ्याने दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाला, टेप लावली. "आणि हा दस्ता कापलाय, सव्वादोन इंच. आता किंमत विसरा."

नानांचा चेहरा उतरला. जन्मभर दुसऱ्यांचा माल मोजणाऱ्या या माणसाने घरच्या वस्तूला कधी टेप लावली नव्हती. "कुनी कापला?"

"ते मला काय माहीत? पण काम नीट केलंय, टोकाची पट्टी परत बसवलीय. लहान पोराच्या खांद्याला बसावी म्हणून कापतात. घरात लहान कोण होतं?"

थोरले दोघं तेव्हा मिशा फुटलेले होते. लहान एकटे नाना, आणि बंदुकीला हात लावला म्हणून मार खाल्लेलेही तेच. बाराव्या वर्षी चुलत्याने त्यांना मुंबईला कामाला आणलं. "गाडीत बसवताना आबा म्हनलं हुतं," नाना हळूच म्हणाले, "दसऱ्याला ये, नेम धराया शिकवतो. मला वाटलं, रडू न्हाई म्हनून म्हनत्यात. मालकानं रजाच दिली न्हाई."

त्यांनी बंदूक मागून घेतली आणि खांद्याला लावली. ती फारच आखूड पडत होती. मान वाकडी करून ते तसेच उभे राहिले. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

परत येताना थोरल्या भावाचा फोन आला. नानांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"काय म्हनला बंदूकवाला?"

"साधी हाय, दादा. त्यात दस्ता कापलाय."

"आता ते काय नवीन हाय? म्याच धरला हुता की. आबा करवत वडत हुते. तू दसऱ्याला येनार म्हनून." मग दादांचा आवाज खाली आला. "तू आला न्हाईस. मग त्यांनी ती कुनाला खांद्याला लावू दिली न्हाई. सोताबी लावली न्हाई."

नाना रडायला लागले, अगदी मोकळेपणी. "मला सांगायचं तरी, दादा."

"आमाला वाटलं, तुला ठावं हाय. म्हनून तर ती तुला दिली."

नानांनी फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. नेरूळ येईपर्यंत मी समोर बघून गाडी चालवत राहिलो.