पुनर्मुद्रण चालत नाही

आमच्या पुलगावच्या कॉलेजसमोर टपरी आहे. तिथे उमाटे सरांनी एकदा चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हे पुनर्मुद्रण हाय बे. मूळ आवृत्ती दे." टपरीवाल्याने सकाळचाच चहा पुन्हा उकळला होता. त्याने नवा ठेवला.

सर मराठी शिकवतात आणि माझ्या एम.ए.च्या प्रकल्पाचे मार्गदर्शक आहेत. दुसऱ्या हाताची कोणतीही गोष्ट त्यांना चालत नाही. उद्या सुट्टी आहे म्हटलं, की विचारतात, "मूळ कुठं छापलं?" मोबाइलवर सुविचार आला, की पाठवणाऱ्यालाच फोन करतात. तो म्हणतो, "मले बी आला जी." सर म्हणतात, "कोणापासून?" त्यांना आता सुविचार फारसे येत नाहीत.

एकदा माझी आई गावाहून, रोहण्याहून, सरांना भेटायला आली. आमच्या घरातून कॉलेजात शिकणारा मी पहिलाच, म्हणून ती बिचकतच होती. "सर, पोरगं हुशार हाय म्हणते."

"कोण म्हणते?"

"मीच म्हणतो जी," आई म्हणाली.

"मग चालते. मूळ स्रोत हाय."

माझा प्रकल्प कापूस वेचणीच्या गाण्यांवर होता. लायब्ररीच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये मला चक्क सरांचाच लेख सापडला. मी तो संदर्भसूचीत घातला. सर खूश होतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रकल्प द्यायचा होता आणि त्यांच्या सहीशिवाय तो कोणी घेणार नव्हतं.

सरांनी नेमकी तीच ओळ लाल पेनाने खोडली.

"सर, तुमचाच लेख हाय."

"हा नंतर छापलेला हाय. आधी कुठं आलता ते पाह्य. मग सही."

"पण तुम्हालेच तर माहीत असन."

"मले काऊन विचारून राह्यला? जाय, शोध."

मनात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. या माणसाला स्वतःचाही भरवसा नव्हता.

स्क्रीनवर लेखाच्या शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत मूळ नियतकालिकाचं नाव होतं. ते कधीच बंद पडलं होतं, पण त्याचे बांधीव अंक लायब्ररीच्या मागच्या खोलीत धूळ खात होते. शिंका देत मी अंक काढला. लेख शब्दन् शब्द तोच. फक्त शीर्षकाखाली नावं दोन होती. आधी सुमन उमाटे, मग सर.

सुमनबाई म्हणजे सरांच्या पत्नी. त्या गेल्यापासून सर जवळच्या नाचणगावात एकटेच राहतात. पुन्हा छापताना सुमनबाईंचं नाव गळलं होतं.

मी नोंद नव्याने लिहिली. दोन्ही नावं, मूळ अंक, आणि शेवटी 'पुनर्मुद्रित' म्हणून डेटाबेस. सरांनी ती पाहिली आणि कागद माझ्याकडे वळवला.

"मोठ्यानं वाच."

मी वाचली.

"पहिलं नाव पुन्हा वाच."

"सुमन उमाटे."

त्यांनी सही केली आणि म्हणाले, "चाल, चहा पाजतो."

टपरीवरचा चहा पुन्हा उकळलेला होता. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी कप संपवला.