माणुसकी मोजून देणारे परब काका

परब काका अर्जात माणुसकी मोजून वापरायचे. शारजाच्या रोल्ला भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये ते लोकांचे अर्ज इंग्रजीत टाइप करून देत. घरचं कुणी वारलं असेल तर शेवटच्या ओळीत ‘ऑन प्युअरली ह्युमॅनिटेरियन ग्राउंड्स’. आजारपण असेल तर त्यातलं ‘प्युअरली’ जायचं. बाकी सगळ्यांना नुसतं ‘काइंडली’.

एकदा रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यातला एक सातारकर बहिणीच्या साखरपुड्यासाठी रजेचा अर्ज करायला आला. माणुसकीचं तेवढं टाकाच, म्हणून हटून बसला.

“साखरपुड्याला माणुसकी बसत नाही,” काका म्हणाले. “‘काइंडली’ घे आणि नीघ. यल्ला.”

आजी आजारी आहे असं लिहिलं तर, असं त्याने विचारून पाहिलं. काकांनी आजीचं वय विचारलं, औषधं विचारली आणि ती ठणठणीत असल्याचं त्याच्याकडूनच वदवून घेतलं. तो शब्द उगाच वापरला तर साहेब लोक वाचायचे थांबतील आणि खरा गरजू मरेल, असं ते म्हणत. मला ते पटायचं, तरी थोडं कठोर वाटायचं.

काका आमच्या शेजारी एका खोलीत एकटे राहत. काकी कुडाळला. पगार नियमापेक्षा कमी, म्हणून बायकोचा व्हिसा मिळत नव्हता. सूट मागता यायची. तसे कितीतरी अर्ज त्यांनी दुसऱ्यांसाठी केले होते, आणि त्यातून आलेल्या बायका सणावाराला त्यांना डबा पाठवायच्या. स्वतःचा अर्ज मात्र कधी केला नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून काका मला उगाचच मान देत. एका शुक्रवारी त्यांनी मला बंद सेंटरवर बोलावलं. टाइपरायटरवर कागद चढवलेला होता. नाव, पत्ता, पगार, सगळं त्यांचंच. कारणाच्या जागी काही नव्हतं.

“तू लिही,” ते म्हणाले. “मला जमत नाही.”

काकींची तब्येत बरी नाही का, मी भीतभीत विचारलं.

“उत्तम आहे.” ते चष्मा पुसत राहिले. “मुलीचं लग्न झालं ना. आता तुझी काकी तिकडे एकटी जेवते, मी इकडे.” मग अगदी हळू म्हणाले, “एवढ्याला माणुसकी मागता येते का रे?”

मला खात्री नव्हती. मी खुर्ची ओढली आणि ते बोलले होते तसंच, एकेक अक्षर शोधत, टाइप करू लागलो. काका दाराकडे तोंड करून उभे राहिले.