ज्याची माहिती, त्यालाच मनाई

आमच्या आरोग्य संशोधन संस्थेत माणसाच्या नावास प्रवेश नाही. हृदयविकाराच्या अभ्यासासाठी जो रक्त देतो व हृदय तपासू देतो, त्याचे नाव खोडून त्यास क्रमांक दिला जातो. खोडलेली नावे तिजोरीत असतात. तिजोरीच्या दारावर पहारा देण्याचे कर्तव्य प्रस्तुत लेखकाकडे आहे.

नाव गेल्यावर शास्त्रास आवश्यक तेवढाच तपशील उरतो. उदाहरणार्थ: ‘स्त्री, डावखुरी, गिरणीमागे वास्तव्य, पती याच संस्थेत पहारेकरी, घोरतो.’

माझ्या सौभाग्यवतीनेही रक्त दिले होते.

एके दिवशी चहावाल्याने माझ्या चहात न मागता साखर जास्त घातली व काकूंना जिने चढू देऊ नका, असे हळूच सुचविले. झाडूवाल्या मावशींनीही सुस्कारा सोडला. मी माहिती-सुरक्षा अधिकारी मॅडमकडे धावलो.

“मॅडम, आमच्या घरच्यांना काय झालंय?”

“कुणाला काही झालंय, असं मी म्हणूच शकत नाही. इथे नावंच नाहीत.”

“मग चहावाल्याला कसं कळलं?”

“तो परका आहे. परक्याला निनावी माहिती चालते. तुम्ही नवरा. तुम्ही लगेच ओळखाल.”

निदान तिला तरी कळवा, असे मी विनविले. त्यासाठी तिचे नाव शोधावे लागेल आणि तोच गोपनीयतेचा भंग ठरेल, असे मॅडमनी अत्यंत सहृदयतेने समजावले.

अखेर मी चहावाल्यास घरी नेले. त्याने सौभाग्यवतीस तिच्या हृदयाची झडप बिघडल्याचे नियमानुसार, म्हणजे परकेपणाने, सांगितले.

“साऱ्या गल्लीला ठाऊक होतं,” ती म्हणाली, “आणि मी आपली पाण्याच्या कळशा वर नेतेय.”

शस्त्रक्रिया वेळेवर झाली. ती वाचली. त्यानंतर चौकशी बसली. सहभागी स्त्रीस स्वतःच्या आजाराची अनधिकृत माहिती मिळाल्याचे सिद्ध झाले. तिला अभ्यासातून वगळण्यात आले, माझी बदली फाटकावर झाली. चहावाला मात्र निःपक्षपाती म्हणून नीतिमत्ता समितीवर गेला.

वाचक महोदय, आपणही कधीतरी रक्त देताना, बोट दाखवले तिथे न वाचता सही केलीच असेल. आपणांस काही सांगण्याचा मला अधिकार नाही. हल्ली आपल्या चहात न मागता साखर जास्त पडते काय, तेवढे मात्र पाहावे.