घाबरलेलं रक्त

काझी सर उंदरांच्या खोलीत चपला काढून जात. पावित्र्य वगैरे काही नाही. चपलांचा आवाज झाला तर उंदीर घाबरतील म्हणून. आत गेलं की अर्धा तास नुसतं बसायचं. मलाही बसवत. घड्याळ काढून खिशात, बोलणं बंद.

२००२ साली रत्नागिरीत एम.एस्सी.ला मी त्यांच्या हाताखाली प्रकल्प करत होतो. ॲड्रिनलीनसारखं औषध टोचून उंदराच्या हृदयाला इजा केली, की रक्तात नायट्रिक ऑक्साइड हा वायू किती वाढतो, हे मोजायचं. वायू क्षणात नाहीसा होतो, म्हणून त्याचा मागे उरलेला अंश तपासायचा. रसायन घातलं की नळीत गुलाबी रंग येतो. जितका गडद, तितका वायू जास्त. काम सोपं होतं. सर सोपे नव्हते.

"घाबरलेलं रक्त खोटं बोलतं," हे त्यांचं पालुपद. भीतीनंही अंगात ॲड्रिनलीन सुटतं. मग औषधाचं किती आणि भीतीचं किती, कळणार कसं? मुद्दा बरोबर होता. पण शिपायानं दार आपटलं म्हणून त्यांनी माझ्या अठरा नळ्या बेसिनमध्ये ओतल्या. पुढच्या खेपेला माझा डबा आडवा आला.

"तुझ्या सुकटीच्या वासानं बिचाऱ्यांची छाती धडधडतेय. हात धुऊन ये. उद्या करू."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा नाटे गावी होडीवर. घरी गेलो की विचारत, "उंदीर अजून घाबरतातच काय रे?" वीस वर्षं शिकवूनही सरांच्या नावापुढे डॉक्टर का लागलं नाही, याचं उत्तर मला तेव्हा सापडल्यासारखं वाटे. यांचा उद्या कधी उजाडतच नसणार.

प्रबंध कसाबसा वेळेत गेला. तोंडी परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले. माझं नाव पुकारलं आणि मला नायट्रिक ऑक्साइडचं सूत्रही आठवेना. प्रबंधाची पानं नुसतीच उलटत राहिलो. सरांनी ते पाहिलं. आत जाऊन परीक्षकांना म्हणाले, आधी चहा घ्या, याला अर्धा तास लागेल. मग माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. चपला काढल्या. घड्याळ काढून खिशात टाकलं.

बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या पीएच.डी.च्या तोंडीला मी माझ्या गाईडचं नावसुद्धा विसरलो होतो. कुणी थांबलं नाही."

आतून कपबशांचा आवाज आला. सर अनवाणीच उठले आणि दार हळूच लोटून घेतलं.