कुंपणाला डिंक्या

वामनरावांनी 'नाही' म्हणणं बंद केलं, त्याला सगळा पावसाळा उलटून गेला होता.

शेंदूरजनाघाटात ही बातमी संत्र्याच्या भावापेक्षा जास्त दिवस चालली. वामनराव गावात ओळखले जात ते बागेमुळे कमी आणि नकारामुळे जास्त. बागेचा सौदा करायला आलेला व्यापारी गाडीतून उतरायच्या आधीच त्यांचं 'नाही' ऐकत असे. जावयाने आणखी पोळी नको म्हटलं, तर ते त्यालाही 'नाही' म्हणून वाढायला लावत. एका मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा शालीचा रंग पाहून त्यांनी सत्कारालाच नाही म्हटलं होतं.

मग पुण्याहून रोहित परत आला. एकुलता मुलगा, संगणकाच्या कंपनीत बऱ्यापैकी रुजलेला, सोबत बायको करिश्मा, माहेर अकोल्याचं. दोघांना बागेत पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. शहरातली माणसं येणार, झाडाखाली खाट टाकून पडणार, स्वतःच्या हाताने संत्रं तोडणार, आणि त्यांनी केलेल्या या मजुरीचे पैसे तीच देणार, अशी ती योजना होती. दिवाळीचे पहिले पाहुणे येऊन जाऊ द्या, रोहित म्हणाला, जमलं तर आम्ही इथंच, नाही तर परत पुणे. त्याच संध्याकाळी सत्यभामाबाईंनी नवऱ्याला गोठ्यामागे गाठलं.

"तुमी त्याले एक डाव नाही म्हनलं का थो बॅग उचलते. पाव्हने येऊन जाईस्तोर तुमच्या तोंडातून 'नाही' निंगाला, तं माही शपथ हाय."

"अन् त्यानं इहिरीत उडी मारतो म्हनलं तं?"

"तं बरं म्हना. थो काही मारत नाही."

तेव्हापासून वामनराव 'बरं' म्हणत होते. खोल्यांना फळांची नावं द्यायची ठरली, बरं. गोठ्याला बाहेरून गुलाबी रंग, बरं. मग करिश्माला रस्त्याच्या बाजूने लाकडी कुंपण हवं झालं, कारण फोटोत माणसाच्या मागे काहीतरी असावं लागतं. त्या पट्ट्यात कुंपण म्हणजे काटेरी तार, नाही तर बाभळीची काटी. तारेत निदान चोराचं धोतर तरी अडकतं. हे तर छातीइतकं, गुळगुळीत, बकरीला उडी मारायचा सराव करता येईल असं. वामनरावांनी हे सगळं मनात म्हटलं आणि तोंडाने म्हणाले, "बरं."

अमरावतीहून टेम्पोभर चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, फळ्या आल्या, कुंपण उभं राहिलं. आता त्याला ऊन, पाऊस आणि उधईपासून, म्हणजे वाळवीपासून, वाचवायचं होतं. त्यासाठी रोहितने स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मागवलं. इथून पुढची गोष्ट स्टेनच्या डब्यावर छापलेली आहे. म्हणजे सूचना डब्यावरच्या, घडलं ते घरातलं.

लाकूड पूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी.

खात्री करायची रीत रोहितने मोबाईलवर पाहिली. फळीवर पाण्याचे थेंब टाकायचे. पाणी आत मुरलं तर लाकूड तयार. तो रोज सकाळी तांब्या घेऊन कुंपणापाशी जाऊ लागला. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं, पोराने व्रत धरलं आहे. पाणी फळीवरून घरंगळून खाली जाई. फळ्या अजून ओल्या होत्या, पण दिवाळी काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती.

गावात लाकडी खांबाला एकच गोष्ट लावतात: ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. फुकट मिळतं आणि उधई त्या खांबाचं नाव घेत नाही. वामनरावांच्या जिभेवर ते आलंही होतं, पण 'जळकं ऑइल लाव' या वाक्याच्या आधी 'हे लावू नको' येतं. त्यांनी ते गिळलं. चव ऑइलसारखीच लागली.

आधी लहानशा भागावर लावून छटा पाहावी.

रोहितने रस्त्याच्या बाजूच्या तीन फळ्यांवर तीन नमुने लावले. एकाचं नाव मध, एकाचं रान, एकाचं सागर. मध वाळल्यावर भगवा झाला, रान हिरवं आणि सागर निळा. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती.

दुपारी समोरचे पंजाबराव आले. तेही बागायतदार, शिवाय उमेदवारी मिळेल या आशेवर वर्षभर पांढरे कपडे घालणारे. ते बराच वेळ कुंपणापुढे उभे राहिले, मग ओट्यावर येऊन पाणी मागितलं.

"वामनराव, आमी तुमाले घरचं समजतो. भगवा पयल्या फयीवर अन् आमचा तिसऱ्या फयीवर, हे काही बरं दिसत नाही."

रंग लाकडाचा आहे, माणसांचा नाही, असं रोहितने समजावून सांगितलं. पंजाबराव मान हलवत होते; समजावून सांगणाऱ्यावर त्यांचा कधीच विश्वास नसे. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन रंगांचे इच्छुकही चहाला येऊन गेले. प्रत्येकाने आपली फळी फाटकाजवळ हवी, असं सुचवलं. वामनरावांनी प्रत्येकाला बरं म्हटलं, त्यामुळे तिघेही समाधानाने घरी गेले आणि तिघांनीही बाहेर सांगितलं की वामनराव आपल्याकडे आले.

शेवटी करिश्माने अक्रोड ही छटा निवडली. तपकिरी रंगाचा पक्ष अजून निघाला नव्हता.

लाकडाच्या रेषेच्या दिशेने सलग हात मारावा.

नवरा-बायकोने पहिला हात मारला. संध्याकाळी कुंपण खरोखर देखणं दिसलं. सत्यभामाबाईंनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि अकोल्याच्या विहीणबाईंना पाठवला.

दुसऱ्या दिवशी दिवाळीआधीचं ते कडक ऊन पडलं. ओल्या चिडाच्या गाठी फुटल्या. प्रत्येक गाठीतून चिकट, पिवळसर थेंब बाहेर आले, ओघळले आणि ओघळताना सोबत अक्रोडही घेऊन गेले. दुपारपर्यंत सगळ्या कुंपणावर काळे डाग आणि डिंकाच्या लोंब्या. मुंग्या तर रांगा लावून आल्या. रोहितने पुन्हा मोबाईल काढला. व्हिडिओतली परदेशी बाई हसत हसत सांगत होती की असं लाकूड वर्षभर वाळू द्यावं.

पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे होते. अमरावतीत गाठी बंद करायचं काहीतरी मिळतं, असं कळलं. पहाटे निघताना रोहित वडिलांना म्हणाला, "बाबा, आमी येईस्तोर कुंपनाले कोनाले हात लावू देऊ नका."

"बरं," वामनराव म्हणाले.

जाणकाराच्या देखरेखीखाली वापरणे उत्तम.

त्या सकाळी मैनाबाईची मजूर बायांची टोळी यायची होती. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा संत्र्याच्या खोडांना बोर्डो मलम लावावं लागतं. मोरचूद आणि चुना कालवून केलेलं ते निळसर औषध, जमिनीपासून कमरेपर्यंत. नाही लावलं तर डिंक्या होतो: खोडातून डिंक गळतो, साल काळी पडते आणि झाड आतून जातं. या गावात माणसाला साखर निघाली तर लोक भेटायला येतात. बागेत डिंक्या निघाला तर रडायला येतात.

मैनाबाई फाटकातून आत शिरली आणि कुंपणापाशीच थांबली. तिने एका गाठीवर बोट टेकवलं, चिकट बोट नाकाशी नेलं. बाकीच्या बायाही गोळा झाल्या. डिंक होता. साल काळी पडली होती. मुंग्या होत्या. त्यांच्यात थोडी कुजबूज झाली, आणि मग मैनाबाई ओट्याकडे आली. एखाद्याच्या घरची वाईट बातमी त्यालाच सांगायची असते, तेव्हा माणूस येतो तशी.

"मालक, कुंपनालेबी डिंक्या झाला जी. बागेत घुसाच्या आधी त्याले लावून टाकू काय?"

वामनरावांनी मान वर केली. हे लाकूड मेलेलं आहे, त्याला डिंक्या होत नाही, रोहितने हात लावू देऊ नका म्हणून सांगितलं आहे, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त एक शब्द उच्चारायचा होता. त्यांनी तोंड उघडलं. पण तो शब्द इतक्या महिन्यांत गंजून गेला होता, आणि आदल्या दुपारपासून तो गळणारा डिंक पाहून त्यांच्यातला बागायतदार आतल्या आत तळमळत होता.

"बरं," ते म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

दोन हातांमध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा.

रोहित आणि करिश्मा अमरावतीहून परतले, तेव्हा पाहुण्यांची गाडी त्यांच्या पुढेच होती. दोन्ही गाड्या बरोबरच थांबल्या.

मैनाबाईने काम नेहमीप्रमाणे चोख केलं होतं. काळी पडलेली साल, म्हणजे अक्रोड, खुरप्याने खरडून काढली होती. मग जमिनीपासून कमरेपर्यंत मलमाचा जाड थर दिला होता. कमरेच्या वर डाग आणि ओघळ तसेच होते. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंपण कमरेइतक्या निळ्या पाण्यात उभं असल्यासारखं दिसत होतं. पलीकडच्या ओट्यावर पंजाबराव बसले होते. निळा त्यांचाच होता. ते प्रसन्न दिसत होते.

 करिश्मा अमरावतीहून आणलेला डबा मांडीवर धरून गाडीतच बसून राहिली.

पूर्ण वाळेपर्यंत स्पर्श करू नये.

पाहुणे म्हणजे पुण्याचं एक निवृत्त जोडपं. बाईंनी गाडीतून उतरताच हात जोडले, पण ते कुंपणाला.

"किती सुंदर! ही इथली पारंपरिक पद्धत का?"

रोहितने एकदा बायकोकडे पाहिलं. मग त्याच्यातला कंपनीत घडलेला माणूस जागा झाला. तो म्हणाला की हो, फार जुनी आहे. खालचा निळा म्हणजे पाणी, वरचा तपकिरी म्हणजे माती, आणि हे ओघळ मुद्दाम ठेवलेले असतात. बाई फोटो काढू लागल्या. त्यांचे यजमान ऐटीत कुंपणाला टेकून उभे राहिले आणि बाजूला झाले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या झब्ब्याच्या मागे परंपरा उमटलेली होती. त्यांनी ती आनंदाने मिरवली.

मग बाईंनी बागेकडे पाहून किंचित कपाळाला आठी घातली. "फक्त एक सुचवू का? झाडांची खोडंही निळी, कुंपणही निळं. फोटोत सगळं एकच होतंय. खोडं जरा लाकडाच्या रंगाची असती ना, तर उठून दिसली असती."

रोहित विचारात पडला. अक्रोडचा दुसरा डबा जवळजवळ भरलेला होता. तो ओट्याकडे वळला. "बाबा, समोरच्या दोन-चार झाडाईच्या खोडाले अक्रोड मारू काय?"

सत्यभामाबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की शपथ आता काही खरी नाही.

"नाही," वामनराव म्हणाले.

तो शब्द बाहेर पडला आणि त्याच्यामागे बाकीचे सगळे निघाले. नाही, झाडाले झाडाचा रंग द्याले माह्या बापानं बाग नाही लावली. हे कुंपन नाही, बकरीची शाळा हाय. गुलाबी गोठ्यात म्हैस शिरत नाही, तिले धरून लोटा लागते, मी लोटतो रोज. खोलीले 'मोसंबी' नाव काहून देलं? आपून संत्रेवाले हावो, मोसंबीवाले तिकडं दुसरे हायेत. अन् वल्ल्या लाकडाले रंग मारत नसते, हे पयल्या दिवसापासून माहीत होतं मले. पाहुण्यांना आपण काही लोककला पाहत आहोत असं वाटलं. त्यांनी फोटो बंद करून व्हिडिओ सुरू केला.

वामनराव दम घ्यायला थांबले. सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या, "झालं. उचलली पोरानं बॅग."

उरलेला माल झाकण घट्ट लावून ठेवावा.

रोहितने बॅग उचलली नाही. तो ओट्याच्या पायरीवर बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांत कोणी न पाहिलेलं हसू होतं.

"बाबा, आमी तं दिवाळी झाली का जाचं ठरवलं होतं."

"काहून?" सत्यभामाबाईंच्या हातात कप वाजले.

रोहितने सांगितलं ते असं. पुण्याच्या ऑफिसात ज्याला काढून टाकायचं ठरलेलं असतं, त्याच्याशी सगळे गोड बोलतात. तो म्हणेल त्याला हो म्हणतात, कारण तो आता जाणारच असतो. घरी आल्यापासून बाबा प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत होते. त्याने गोठा गुलाबी करतो म्हटलं ते भांडण व्हावं म्हणून. तेही झालं नाही.

"मी रोज वाट पाहून राहिलो होतो," करिश्मा गाडीतून उतरत म्हणाली. अकोल्याकडे बायाही 'राहिलो'च म्हणतात. "आमच्या घरी जावयाले बरं म्हनतात अन् पोराले नाही. मले वाटलं, बाबाईनं आपल्यालेबी पाव्हन्यात धरलं."

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. सत्यभामाबाई एकदम पाहुण्यांना चहा द्यायला वळल्या, आणि साखर विचारायच्या आधीच ढवळू लागल्या.

करिश्माने अक्रोडच्या डब्याचं झाकण हाताच्या मुठीने ठोकून बसवलं. मैनाबाई बागेतून हात धूत आली आणि दुखण्यातून उठलेल्या पेशंटची विचारपूस करावी तसं कुंपणाकडे पाहत उभी राहिली.

"बाबा," रोहितने विचारलं, "पुढच्या खेपेले हे सगळं खरडून जळकं ऑइल मारू?"

"नाही."

"मंग?"

"बोर्डोच. वर्साले दोन डाव, झाडाईच्या संगं." वामनरावांनी पेपर उघडला. "डिंक्या हाय त्याले. तू इथं राहून जातीनं लक्ष देजो."



"बरं," रोहित म्हणाला.